उजनीकाठची शिदोरी

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या भिगवणच्या परिसरात, म्हणजे भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी (धरणामुळे मागे तुंबून पसरलेल्या पाण्यास फुगवटा म्हणतात), मार्च महिन्यात दोन जातींचे प्रवासी एकाच सकाळी आढळतात: हिवाळा संपल्याने उत्तरेकडे परतण्याच्या बेतात असलेले पक्षी, आणि त्यांना निरोप देण्याच्या निमित्ताने पहाटे निघालेले पक्षिनिरीक्षक. या दोहोंना जोडणारा दुवा निसर्गप्रेम हा असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो भूक हा आहे.

दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, ते नेहमीपेक्षा कितीतरी अधिक खातात आणि कातडीखाली साठलेली चरबी हीच त्यांची वाटेतली शिदोरी ठरते. चिमणीएवढा छोटा टिलवा, जो काठच्या चिखलात किडे टिपतो आणि विणीसाठी थेट आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात जातो, तो याच शिदोरीवर मजल मारतो. पाणटिवळ्याच्या एका जातीत तर उड्डाणापूर्वी ओझे नको म्हणून जठर व आतडीही आक्रसतात. निरीक्षकवर्गात चरबीच्या साठवणुकीपर्यंतचा भाग तंतोतंत आढळतो. पुढचा आढळत नाही.

होडी काठापासून सुटते न सुटते तोच वादाला तोंड फुटते. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा यांच्यातील भरवशाची खूण म्हणजे पाय: पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर. परंतु दोघेही चिखलात उभे राहत असल्याने दोघांचेही पाय चिखलाच्याच रंगाचे दिसतात, आणि शास्त्राने दिलेली खूण पक्ष्यानेच पुसून टाकल्यावर उरतो तो केवळ वयाचा मान. ज्येष्ठ निरीक्षक दुर्बीण न काढताच ‘काळे’ असा निर्वाळा देतात, कनिष्ठ छायाचित्र मोठे करून ‘पिवळे’ पाहतात, तेवढ्यात टिलवा पाय पोटाशी घेऊन उडून जातो. अखेर कौल मागितला जातो तो नावाड्याला. पिढीजात मासेमार आणि सवयीने मुत्सद्दी असलेला नावाडी गिऱ्हाईक दुखावत नाही: “दोन्ही बी हायती की. कुठला पायजे?”

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हे या प्रवासाचे जाहीर कारण असले तरी ते डोके उलटे करून, पाणी गाळून खाण्यात मग्न असल्याने बहुतेक छायाचित्रांत नुसती पाठ येते. त्या मानाने कुरव पक्षी सहकार्य करतात. मध्य आशियातील उंच सरोवरांवर वीण करणारा हा जलपक्षी होडीमागे उडत शेव-गाठी हवेतच झेलतो, आणि त्याच्या परतीच्या शिदोरीत बेसनाचा अंश किती, हा विषय अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे.

सूर्य चढल्यावर सर्व मतभेद कुंभारगावच्या एखाद्या घरगुती खाणावळीत मिटतात. तेथे मूळची आफ्रिकेतील, पण उजनीत बेसुमार माजलेली चिलापी मासळी अख्खी तळून पानात पडते. नेमक्या त्याच वेळी मध्य आशियाकडे निघालेला भोरड्यांचा थवा छपरावरून जातो. चिलापीला काटे पुष्कळ असल्याने मान वर करण्याची सोय नसते. तेव्हा वाढणाऱ्या पोराने आकडा सांगायचा आणि निरीक्षकाने तो डाव्या हाताने यादीत नोंदवायचा, अशी पद्धत पडली आहे.