साहेबी धूर

गाविलगडाच्या पोटात काळा कातळ निघाला, कोळसा निघाला नाही, याबद्दल भूगर्भाचे जाहीर आभार. निघाला असता, तर सर्वेक्षणाआधी भूमिपूजन झाले असते आणि मोथ्याच्या माळावरच्या पवनचक्क्या विकासाच्या आड येतात म्हणून उतरल्या असत्या. बोरी, कोहा, कुंड ही गावे वाघासाठी उठलीच आहेत; उरलेल्या मेळघाटाला कोळशासाठी बिऱ्हाड बांधावे लागले असते.

अतिशयोक्ती वाटते? जर्मनीने हेच केले. गार्झवायलरच्या खाणीसाठी तिथे चालत्या पवनचक्क्या पाडल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये लुत्सेराट हे खेडे पोलीस घालून रिकामे केले. कशासाठी? तपकिरी कोळशासाठी, म्हणजे लिग्नाइटसाठी. ऱ्हाइनलँडच्या या मालात निम्म्याहून जास्त पाणीच असते. आधी ते आटवायचे, मग वीज करायची. युनिटमागे कार्बन डायऑक्साइड किलोभराहून जास्त. एवढे पाणी रेल्वेने वाहायला कोणाला परवडणार? म्हणून वीजकेंद्र खाणीच्या तोंडाशीच बांधतात. आपल्या नेयवेलीलाही तेच. ऱ्हाइनलँडमधली भट्टी २०३० ला विझेल, बाकी देशातली फार तर २०३८ ला, असे जर्मन सरकार सांगते. तारीख पुढची द्यायची कला आमच्या पुढाऱ्यांचीच मक्तेदारी आहे, असा आमचा उगाच समज होता.

वऱ्हाडात कोळसा तपकिरी नाही, काळाच येतो, वाघिणी भरभरून: पारसच्या आणि नांदगाव पेठच्या वीजकेंद्रांना. नांदगाव पेठला पाणी अप्पर वर्धाचे. वीज राज्यभर जाते. पारसची राख मात्र बाळापूर तालुका सोडून जायला तयार नाही. मातीशी इमान म्हणतात ते हेच.

प्रदूषणाची खरी चिंता परवा चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटला दिसली. धुक्यात एक कोरकू बाई शेगडीला फुंकर घालत कणसे भाजत होती. धूर वर जाईना, तिच्याच डोळ्यांत शिरत होता. अमरावतीकडच्या एका साहेबांनी इंजिन चालू ठेवून, काच चार बोटे खाली करून तिला पर्यावरणावर समज दिली.

"वल्लं लाकूड हाय साहेब, धूर त होईनच," बाई म्हणाली आणि कणसाला लिंबू-मीठ चोळू लागली.

ऊर्जेवरच्या पुढच्या जर्मन अभ्यासदौऱ्यात या बाईंचे नाव घालावे, अशी आमची सूचना आहे. ओले इंधन जाळण्याचा एवढा अनुभव शिष्टमंडळात दुसऱ्या कोणाला नसेल. अडचण एकच: त्यांचा अहवाल एका ओळीत संपतो, आणि तेवढ्यावर दैनिक भत्ता मंजूर होत नाही.