वरच्या मजल्यावरचा थर

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ च्या डिसेंबरात ‘इको-निवास संहिता’ काढली. नव्या निवासी इमारतींच्या भिंतींनी, खिडक्यांनी आणि छतांनी उन्हाशी कसे वागावे, याची ही आचारसंहिता. त्यासाठी देशाचे पाच हवामान विभाग धरले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. सोलापूर पहिल्यात, मुंबई दुसऱ्यात, नागपूर तिसऱ्यात. थंड विभाग काही महाराष्ट्राच्या वाट्याला आला नाही. ती उणीव बिल्डरांनी स्वखर्चाने माहितीपुस्तिकेत भरून काढली आहे. तिथे देवदारांची रांग असते आणि बाल्कनीत स्वेटर घातलेले जोडपे वाफाळती कॉफी पीत उभे असते. प्रकल्प मात्र वाशिमला असतो.

संहितेतले छताचे कलम सोपे आहे. विभाग कोणताही असो, छताचे यू-मूल्य १.२ च्या वर जाता कामा नये. यू-मूल्य म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असला तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते तो आकडा. जितका कमी तितके बरे. आपला नेहमीचा सहा इंची स्लॅब उघडा ठेवला तर याच्या जवळजवळ तिप्पट भरतो. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला की थोडा खाली येतो, पण कोबा पाण्यासाठी असतो, उन्हाचे त्याला कुणी सांगितलेले नसते. स्लॅबवर फोमच्या पाट्या अंथरल्या तर आकडा बसतो. अडचण एकच, फोम दिसत नाही. लॉबीतला इटालियन मार्बल दिसतो. गिऱ्हाइकाला साइट दाखवायला नेल्यावर ‘हे बघा, इथे खाली फोम आहे’ असे म्हणत गच्ची खणता येत नाही.

तरीही इमारती उभ्या राहतात, दाखले मिळतात, वास्तुशांती होतात. मग उष्णता अडवते कोण? उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, लिफ्टने शेवटच्या मजल्यावर गेले की झाले. सातमजली इमारतीत सहाव्या मजल्यावरची मंडळी मे महिन्यात पंखा तीनवर ठेवून झोपतात, कारण त्यांच्या आणि सूर्याच्या मधे सातव्या मजल्यावरचे कुटुंब आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री जेवणे आटोपल्यावर ते खाली सोडू लागतो. ते अंगावर घेणारे चार जण, एक म्हातारी आणि एक मांजर, हाच आपल्याकडचा मान्यताप्राप्त उष्णतारोधक थर आहे.

फोमपेक्षा हा थर कितीतरी सरस. फोमचे पैसे बिल्डरला मोजावे लागतात. हा थर स्वतःच पैसे मोजून येतो. त्यातही मजला जितका वरचा तितका चौरस फुटाचा दर चढा, त्याला ‘फ्लोअर राइज’ म्हणतात. म्हणजे उन्हाच्या जितके जवळ, तितकी दक्षिणा जास्त. फोमची पाटी सुटू शकते, वीस वर्षांचे गृहकर्ज घेतलेले कुटुंब जागचे हलत नाही. पूर्वी लोक वरच्या मजल्यासाठी घासाघीस करीत, कारण गळती आणि उकाडा त्यांना ठाऊक होता. आता त्यालाच ‘स्काय रेसिडेन्स’ म्हणतात आणि दोन्ही गोष्टी ‘व्ह्यू’मध्ये धरलेल्या असतात.

भिंतींचा मामला जरा गुंतागुंतीचा. थंड सोडून चारही विभागांना संहितेने मर्यादा एकच दिली: भिंती आणि खिडक्या मिळून, छत सोडून, दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. ती मोजण्याच्या सूत्रात विभागाचे आणि दिशेचे गुणक असतात. ते वापरले की कळते, पश्चिमेची भिंत ही काय चीज आहे. पण बिल्डरांना सध्या प्रेम जडले आहे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींचे, ज्यांना साइटवर ‘मायवान’ म्हणतात. आठवड्या-दहा दिवसांत मजला उभा, प्लास्टरची कटकट नाही, भिंत सहा इंची किंवा त्याहूनही बारीक, त्यामुळे कार्पेट वाढतो. उष्णता अडवण्यात ही भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीच्या पासंगालाही पुरत नाही, हा किरकोळ भाग. हलक्या राखाडी एएसी ब्लॉकची भिंत तिच्याहून कितीतरी चांगली, पण त्यात खिळा टिकत नाही म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडते. आजोबांचा फोटो टांगता यावा यासाठी घर तव्यासारखे तापले तरी आमची तयारी आहे.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांनी आणि दोन-दोन फुटी भिंतींच्या वाड्यांनी हे सगळे यू-मूल्य ठाऊक नसताना केले होते. लाकडावर मातीचा जाड थर, दरवर्षी डागडुजी, आणि भर दुपारी आत डुलकी लागेल इतका गारवा. आजच्या हिशेबाने तो निव्वळ अडाणीपणा. दोन फुटी भिंत म्हणजे चौरस फुटांची केवढी नासाडी! तेवढ्यात एक ‘स्टडी रूम’ निघाली असती. शिवाय त्या वाड्याला एसी लागला नसता, म्हणजे रोजगारही बुडाला.

खिडक्यांबाबत संहिता फारच भाबडी आहे. उष्ण-दमट विभागात, म्हणजे मुंबई-कोकणात, चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के एवढी उघडणारी जागा हवी, थंड विभागात ८.३३ टक्के पुरे. ‘उघडणारी’ या शब्दावर तिचा भर आहे. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीची ती निम्मीच जागा धरते, कारण एक पल्ला कायम दुसऱ्याच्या आड. हे तिने मोजले, पण मुंबईकर त्या उरलेल्या निम्म्या खिडकीचे काय करतो, ते मोजले नाही. तिथे ग्रिल येते, ग्रिलमध्ये तुळस, तुळशीमागे जुना कूलर आणि कूलरवर पोत्यात बांधलेला गणपतीचा मखर. वारा आलाच तर त्याने वळसा घालून यावे.

कायद्याच्या कक्षेत कोण येते, हेही बघण्यासारखे. २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी आहे. म्हणजे सुमारे पाच गुंठे. गुंठेवारीतल्या दीड गुंठ्यावर पत्रे टाकून राहणाऱ्याला ती विचारत नाही. त्याच्या डोक्यावरचे ऊन बहुधा वेगळ्या खात्याचे असावे. आणि मोठ्या भूखंडांनाही ती आपोआप लागू होत नाही; राज्याने ती आपल्या नियमांत घ्यावी लागते. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये निदान छतापुरते ‘कूल रूफ’ धोरण तरी केले. छताला पांढरे करण्यात तत्त्वज्ञान नसते, चुना असतो.

पण चुन्यासाठी सोसायटीची सभा लागते. पाणी गळले तर उपविधी वरच्या मजल्याच्या बाजूने बोलतात, गच्चीची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. ऊन गळते, त्याबद्दल उपविधी मौन पाळतात. पांढऱ्या रंगाचा ठराव आला की पहिल्या मजल्यावरून विचारणा होते, ‘आम्हाला काय फायदा?’ सेक्रेटरी म्हणतात, गच्ची सगळ्यांची आहे, पण ऊन तुमचे आहे. ठराव पुढल्या वर्षावर, म्हणजे पुढल्या मेवर जातो.

तेव्हा शासनाला नम्र सूचना: संहिता लागू करण्याच्या भानगडीत न पडता वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांनाच अधिकृत उष्णतारोधक म्हणून मान्यता द्यावी. पूर्णत्वाच्या दाखल्यात ‘छतावरील थर’ या रकान्यात कुटुंबप्रमुखाचे नाव आणि कुटुंबाची संख्या लिहावी. नागपूर-अकोल्याकडे किमान पाच माणसे, मुंबईत तीन चालतील, घामाची सूट धरून. सदस्य कमी पडत असल्यास सासर-माहेरच्या मंडळींचे हमीपत्र जोडावे. सुट्टीत गावी जायचे असेल तर पंधरा दिवस आधी अर्ज करून तेवढ्याच संख्येचे बदली कुटुंब फ्लॅटमध्ये बसवून जावे. न बसवल्यास इमारतीचा दाखला आपोआप रद्द समजला जाईल आणि सहाव्या मजल्याच्या एसीचे वाढीव बिल संबंधितांकडून वसूल केले जाईल.