टकटकभाऊ

बेस गिटारचं कॅबिनेट घ्यायला पाच जण दुकानात गेले, तर चौघं स्टिकर वाचतात आणि पाचवे खोका ठोकतात. हे पाचवे म्हणजे टकटकभाऊ. रत्नागिरीत वाडीवाडीला एक असतात. ऑर्केस्ट्रात ते काहीच वाजवत नाहीत, पण त्यांनी ठोकल्याशिवाय काही विकतही घेतलं जात नाही. मधल्या बोटाचं पेर आधी डाव्या बाजूला, मग पाठीला. मान तिरकी, डोळे मिटलेले. "भाऊ, आधी ऐका तरी," म्हणत दुकानदार गिटार जोडायला धावतो, तर त्यालाच हात वर करून गप्प करतात. "बद्द येतोय. घ्या." फणस असाच पारखतात, आणि भाऊंचं ध्वनिशास्त्र त्याच झाडाखाली पुरं झालेलं आहे. तेच बोट पुढे भाचीच्या सासरच्या दारावर आणि बँकेच्या काउंटरवरही पडतं, ते सोडा.

तरी टिकाऊ कॅबिनेट पारखायला याहून स्वस्त चाचणी नाही, असं माझं म्हणणं आहे. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते आणि त्या स्वराची लाट आठ मीटरहून लांब असते. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की मागे उलटी लाट निघते. दोघी भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. ही भेट टाळायलाच खोका. पण मागच्या लाटेचा मार फळ्यांना बसतो. फळी थरथरली की आवाज गढूळ होतो आणि वर्षा-दोन वर्षांत स्क्रू ढिले पडतात. ठोकल्यावर जी बाजू घुमते, तिला आतून आडवी पट्टी नसते किंवा प्लायच्या थरांत पोकळी असते. यावर कोणी म्हणेल, खर्ज किती खोल जाईल ते बोटाला कसं कळणार? नाहीच कळत. ते स्पीकर आणि खोक्याच्या आकारमानावर ठरतं. लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या पॉवरवर मोठा आवाज ही तिन्ही सुखं एकत्र नांदत नाहीत. १९६९ साली अँपेग कंपनीने आठ दहा-इंची स्पीकरांचं कॅबिनेट काढलं, त्याला वादक आजही फ्रिज म्हणतात. (भाऊ घरचा फ्रिजही ठोकतात, पण ते या कारणाने नव्हे.) मात्र स्टिकर तरी काय सांगतो? ठळक आकडा बहुधा क्षणभर सोसण्याचा असतो. सतत किती, ते बारीक अक्षरात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एमडीएफही बद्दच वाजतं, आणि स्टुडिओत ते उत्तम चालतं. खरं आहे, पण स्टुडिओत पाऊस पडत नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पडतो आणि वर खारा वारा. एमडीएफची कड एकदा पाणी प्यायली की फुगते, मग तिच्यात स्क्रू धरत नाही. म्हणून सुताराकडून खोका करून घेताना भाऊ प्लायवर 'आयएस ७१०'चा शिक्का शोधतात, तो मरीन प्लायचा. बाहेरून कार्पेट चिकटवलेला खोका तर ते ठोकतही नाहीत. श्रावणापर्यंत त्यावर बुरशी धरते. टेम्पोत चढवणारी पोरं वजनावरून कुरकुरतात. त्यांनी निओडिमियम चुंबकाचा हलका स्पीकर मागावा, त्याला भाऊंची हरकत नाही. प्लाय मात्र १८ मिलिमीटरच.

राहता राहिला अवघड प्रश्न : एवढं टिकवायचं कोणासाठी? बेसवाला नालासोपाऱ्याला, ड्रमवाला दिव्याला. कॅबिनेट वाजणार शिमग्याला आणि गणपतीत, बाकी वर्षभर बंद घरात. पण रोज वाजणाऱ्या खोक्याची बिघाडी लगेच ऐकू येते. ओलीत पडून राहिलेला गुपचूप कुजतो. त्यासाठी घराची किल्ली भाऊंकडे असते. ऐन पावसात ते दार उघडतात, कोपरे पुसतात, जाळीला गंज चढलाय का बघतात आणि चारी बाजू ठोकतात. याचे त्यांना कोणी पैसे देत नाही, कार्यक्रमात आभारही मानत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाकरमानी उतरतात, जॅक खुपसतात, पहिल्याच फटक्याला आवाज स्वच्छ येतो, आणि बेसवाला स्टिकर वाचून विचारतो, "भाऊ, फक्त ३०० वॉट?"