मोरीच्या जाळीचे रसग्रहण

शहरातल्या हौशी छायाचित्रकारांनी सूर्यास्त सोडला, ही बातमी एव्हाना सर्वांपर्यंत पोहोचली असेल. सिंहगडावरची पहाट, वारीतल्या आजींच्या सुरकुत्या, काशीच्या घाटावरचा चिलीमवाला साधू हे विषय आता नवशिक्यांकडे गेले. जाणकार माणूस सध्या घरातच असतो. गॅसच्या शेगडीपुढे उकिडवा बसून तो बर्नरचा फोटो काढतो. मग दोरीवरचा गंजका चिमटा, दाराच्या कडीला अडकवलेली रबरबँडे, पिशव्यांची पिशवी, सिलिंडरने फरशीवर उमटवलेली गोल खूण आणि शेवटी मोरीची जाळी. या साऱ्यांना मिळून ‘उपेक्षित वस्तू’ असे नाव पडले आहे. त्या उपेक्षित आहेत का, हे घरात त्या रोज हाताळणाऱ्या बाईला कोणी विचारलेले नाही. मोरीची जाळी एक सकाळ तुंबू द्या, मग तिची उपेक्षा कोण कशी करतो ते कळेल.

अर्थात फोटो काढणे हा या छंदातला सोपा भाग. खरा प्रयोग छायाचित्रकारांच्या मंडळाच्या मासिक सभेत होतो. पडदा लागतो, पंखे मंद होतात, आणि फोटो काढणारा उभा राहून म्हणतो, “मोकळेपणाने बोला हं. टीका चालेल.” हे वाक्य लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’ इतकेच मनापासून म्हटलेले असते. लोकही त्याला तसेच वागवतात.

पडद्यावर मोरीची जाळी येते. चार बाय सहा फूट. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “लेन्स कुठली?” हा गृहस्थ पडद्याकडे पाहतच नाही. लेन्सचे नाव कळले, की तो ‘तरीच’ म्हणून मान डोलावतो आणि उरलेली सभा आपल्या मोबाईलवर त्या लेन्सची किंमत शोधण्यात घालवतो. त्याच्या शेजारचा एकतृतीयांशवाला. जगातली प्रत्येक वस्तू चौकटीच्या एकतृतीयांशावर असली पाहिजे, असे त्याला कोणीतरी लहानपणी सांगितले आहे. “जाळी थोडी उजवीकडे हवी होती,” तो सांगतो. मागच्या सभेत त्याने हेच अंड्याबद्दल सांगितले होते. मग रोलच्या काळातले काका उठतात. रोलमध्ये ३६ फोटो बसत, एकेक विचार करून काढावा लागे, ही माहिती ते देतात. ती खरी आहे, फक्त तिचा जाळीशी संबंध नाही.

शीर्षकाचे प्रकरण मात्र सवडीने बघण्यासारखे आहे. जाळीच्या फोटोखाली ‘जाळी’ असे लिहिण्याची हिंमत आजवर कोणी केलेली नाही. जाळीचे नाव ‘प्रवाह’. रिकामी खुर्ची असेल तर ‘प्रतीक्षा’, मग ती खुर्ची डेकोरेशनवाल्याची का असेना. दोन चपला म्हणजे ‘सहजीवन’, एक चप्पल म्हणजे ‘विरह’, आणि तीन चपला असतील तर तो फोटो सभेत येत नाही. कुलूप हे ‘बंध’ असते आणि गंजलेले कुलूप ‘ऋणानुबंध’. एकदा नाव दिले, की सभा फोटोवर न बोलता नावावर बोलते, त्यात सगळ्यांचीच सोय होते. “‘प्रवाह’ म्हणताना तुम्हाला कालप्रवाह अभिप्रेत आहे का?” असे एकजण विचारतो. काढणाऱ्याला आंघोळीचे पाणी अभिप्रेत होते, पण तो डोळे बारीक करून म्हणतो, “तोही.”

आपल्याकडे हे नवे खूळ आहे असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. म्हणजे एकत्र बसून एकमेकांच्या फोटोंवर बोलण्याची सोय आपल्याला १७० वर्षांपासून आहे. सामान्य वस्तूंचे फोटो तर त्याहूनही आधीचे. १८४४ साली इंग्लंडात छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या टॅल्बटने एका उघड्या दाराशी टेकवून ठेवलेल्या खराट्याचा फोटो काढला आणि आपल्या पुस्तकात छापताना सोबत लिहिले, की असल्या रोजच्या, साध्या विषयांना डच चित्रकारांचा आधार आहे. अभिप्राय येण्याआधीच खुलासा देऊन ठेवण्याची प्रथा तिथपासूनची आहे.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९२५ मध्ये मेक्सिकोतल्या आपल्या घरातल्या कमोडचे फोटो काढले. गंमत म्हणून नव्हे. त्या चिनीमातीच्या वळणांवर तो खरोखर लुब्ध झाला होता. घरच्यांचे अभिप्राय त्याने रोजनिशीत टिपून ठेवले आहेत. फोटो चालू असताना मी वर बसू का, असे मुलाने विचारले. एका बाईने आत लाल गुलाब भरायला सुचवले. घरातल्या मोलकरणींची खात्री पटली, की साहेबांचे डोके फिरले. माझ्या मते कमोडच्या फोटोवर इतके नेमके अभिप्राय पुन्हा कोणाला मिळाले नसतील. सगळ्यांचेच लक्ष कमोडवर होते. लेन्स कुठली, हे एकानेही विचारले नाही.

पुढे १९३० मध्ये याच वेस्टनने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, तो जगभर गाजला. पण रसिकांना त्या मिरचीत उघडी शरीरे दिसू लागली. वेस्टन बापडा चिडून सांगत राहिला, की ही मिरची आहे. ज्याने अभिप्राय मागितला त्याला तो मिळाला, की असेच होते. मिरची त्याने पुढे खाऊन टाकली, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा निर्णय.

टीकाकारांचेही काही सांगता येत नाही. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम एगलस्टनच्या रंगीत फोटोंचे प्रदर्शन भरले. अमेरिकेच्या दक्षिणेतले, अगदीच घरगुती विषय. अंगणासमोरची लहान मुलाची तीनचाकी तर जमिनीलगत कॅमेरा ठेवून अशी टिपलेली, की मागचे घर तिच्यापुढे बुटके वाटावे. संग्रहालयाच्या झार्कोव्स्कीने हे फोटो परिपूर्ण असल्याचे लिहिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हिल्टन क्रेमरने उत्तर दिले, की असतील, परिपूर्ण सामान्य आणि परिपूर्ण कंटाळवाणे. त्या तीनचाकीची एक प्रत २०१२ मध्ये लिलावात ५,७८,५०० डॉलरला गेली. आमच्या मंडळात तीच तीनचाकी आली असती तर ‘बालपण’ या नावाने आली असती, आणि कॅमेरा फार खाली गेलाय असे सांगून तिला उत्तेजनार्थ ठेवले असते.

अभिप्राय घेणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. अभिप्राय ऐकून घेण्याची आपली पद्धत म्हणजे समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत आपले उत्तर तयार ठेवणे. “अंधार जास्त झालाय” म्हटले, की “तो मुद्दाम ठेवलाय.” “फोटो हललाय” म्हटले, की “तीच अस्वस्थता आहे.” डाव्या कोपऱ्यात स्वतःचा अंगठा आला तर “छायाचित्रकाराची उपस्थिती.” या माणसाला एकच अभिप्राय देता येतो, ‘अप्रतिम’, आणि त्यावरही तो विचारतो, “खरंच? पण काय अप्रतिम वाटलं?” मग अप्रतिम म्हणणाऱ्याची पंचाईत होते, कारण त्याने अजून फोटो पाहिलेला नसतो.

गेल्या सभेत मात्र एक आक्रीत घडले. पडद्यावर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो होता. तारखांच्या चौकटींत दुधाचा हिशोब लिहिलेला. नाव अर्थातच ‘काळ’. एकतृतीयांशवाला घसा खाकरत असताना मागच्या रांगेतल्या एक बाई, ज्या सभासद नव्हत्या, नवऱ्याला आणायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “बारा तारखेपासून रोज एक लिटरचं अर्धा लिटर झालंय. आणि एकोणीसपासून अक्षर बदललंय. आधीचं बाईमाणसाचं दिसतंय. कोणी आजारी होतं का हो घरात?” काढणारा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “आईला दवाखान्यात ठेवलं होतं. पुढे मीच लिहायचो.” त्या दिवशी शीर्षकाबद्दल त्याने काही खुलासा दिला नाही.

सभा काय बोलावे ते न सुचून बसली होती. अध्यक्षांनी ती सावरली. “ते ठीक आहे,” ते म्हणाले, “पण उजवा कोपरा जरा पांढरा फटक झालाय.”

बाईंना मंडळाने सभासदत्व देऊ केलेले नाही. नियमाप्रमाणे त्यासाठी स्वतःचा कॅमेरा लागतो. खरे तर बाईंसारखे पाहायला शिकण्यासाठी मंडळाची एक सहल पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्यायला हवी. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, वज्री, दिवे, कुलपे, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. लोक तिथल्या काचांपुढे उभे राहतात आणि एकमेकांना सांगतात, “आमच्या आजोळी असाच अडकित्ता होता, पण त्याची डावी मूठ मोडलेली.” वस्तूवर इतका भरवशाचा अभिप्राय दुसरा नाही, आणि तो देणाऱ्याने छायाचित्रणाचा एकही वर्ग केलेला नसतो.

तेव्हा पुढच्या सभेला येणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. पडद्यावर मोरीची जाळी आली, तर तिच्यात काय अडकले आहे ते आधी सांगा: केस आहेत, साबणाची चकती आहे, की लहान मुलाची बाहुली. लेन्सचे नंतर पाहू. इतके जमत नसेल तर सरळ ‘छान’ म्हणावे आणि चहाला जावे. वर्गणीत चहा धरलेला आहे.