पंतप्रधान, पत्रा आणि परसातली चूल

सिल्वासात घर असणाऱ्याला दोन गोष्टी कधी कमी पडत नाहीत : पाऊस आणि भंगार. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकून घेतो. भंगाराला हंगाम नाही. मसाट, पिपरिया, खडोलीच्या कारखान्यांतून ते बारमाही वाहतं. परसात स्वस्तातलं स्वयंपाकघर करायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त भंगार होतं. पावसाचा विचार बायकोने केला. आमच्या घरातली श्रमविभागणी साधारण अशीच आहे.

या सगळ्याचं मूळ दमणच्या बोंबलांत. तळलेला बोंबील पोटात गेला तरी त्याचा वास पुढे दोन दिवस पडद्यांत मुक्काम करतो. "मासे हवेत तर बाहेर तळा," असा फतवा निघाला. पुण्याच्या भाच्याने लगेच मोबाइलवर परदेशी अंगणांचे फोटो दाखवले. चकचकीत ओटा, पांढरा अ‍ॅप्रन घातलेला हसरा गृहस्थ, हातात लांब चिमटा आणि आसपास एकही माशी नाही. मासे भाजणाऱ्या माणसाभोवती माशी नाही म्हणजे मासा तरी खोटा किंवा माणूस तरी. आईने फोटो पाहिले आणि म्हणाली, "मी जन्मभर धुरातून गॅसपर्यंत यायला धडपडले. तुम्ही आता पैसे मोजून धुरात चाललात?" तिच्या या प्रश्नाला घरात अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

मॉड्युलर किचनवाल्या एका दुकानदाराला बोलावलं. त्याने लेझरने परस मापलं, कॉफी घेतली आणि दोन लाख ऐंशी हजारांचा आकडा काढला. त्यात छप्पर नव्हतं. "छप्पर घेतलं तर ओपन फील जातो," म्हणाला. जुलैत सिल्वासात ओपन फील म्हणजे काय, हे दाखवायला त्याला त्याच ठिकाणी तासभर उभं करायला हवं होतं.

मग आम्ही भंगार बाजार धरला. कारखान्यात मशीन ज्या लाकडी चौकटीवर बसून येतं ती पॅलेट इथे स्वस्तात मिळते. तिची मांडणी छान होते, पण तिच्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय घरात आणू नये. 'एचटी' असेल तर लाकूड नुसतं तापवून किडमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते लाकूड दुकानातच ठेवावं, चुलीत तर मुळीच घालू नये. निळे प्लास्टिकचे ड्रमही ढिगाने मिळतात. "साहेब, एकदम साफ," असं भंगारवाला म्हणतो. आत पूर्वी काय होतं ते विचारलं की तो आकाशाकडे बघतो. असल्या ड्रमात झाड लावावं, पिण्याचं पाणी भरू नये. स्टीलचं सिंक मात्र कुठल्याशा बंद पडलेल्या कॅन्टीनचं मिळालं. ते इतकं खोल आहे की तळाशी गेलेला चमचा काढायला धाकट्याला बोलवावं लागतं.

ओट्याला कडप्पा घातला. ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी स्वस्त, काळा आणि दिसायला गंभीर. पण तो चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, ताक यांच्याशी त्याचं जन्माचं वैर. लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली की सकाळी तिथे पांढरा डाग उमटलेला असतो. आमच्या ओट्यावर आता असे इतके डाग आहेत की कोणत्या रविवारी काय बेत होता ते सांगता येतं.

जागेवरून मात्र महाभारत झालं. शेजारचे गुजराती काका कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, अग्नीची जागा आग्नेयेलाच." आमच्या परसाचा आग्नेय कोपरा नेमका त्यांच्या कपड्यांच्या दोरीला लागून आहे, हे सांगितल्यावर त्यांनी वास्तुशास्त्राचा पुनर्विचार केला. पावसाळ्यात इथला वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूला छातीपर्यंत विटांची भिंत घेतली आणि बाकीच्या बाजू मोकळ्या सोडल्या. भिंतीने चुलीची धग टिकते आणि गॅसच्या शेगडीची ज्योतही आडवी होत नाही. गॅसचं एक पक्कं ध्यानात ठेवावं : तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडर उभा, मोकळ्या जागी, शेगडीपेक्षा खाली आणि गटाराच्या तोंडापासून लांब हवा. आमच्या गवंड्याने त्यासाठी हौसेने झाकणबंद कप्पा बांधला होता. कप्पा फोडायला लावला तेव्हा गवंडी आठवडाभर माझ्याशी फक्त हिंदीत बोलला.

खरे पैसे गेले ते पत्र्यात. छप्पर चारी बाजूंनी दोन दोन फूट बाहेर काढलं, कारण इथला पाऊस सरळ पडेल असा करार कोणी केलेला नाही. फरशीला चार फुटांमागे इंचभर उतार दिला. ज्यांनी दिला नाही त्यांच्या परसात जुलैमध्ये पाटा तरंगत नाही, एवढंच काय ते. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की खाली कोणी काय मागतो ते ऐकू येत नाही. मीठ मागितलं तर मिरची येते. आमच्याकडच्या काही उत्तम पाककृती अशाच जन्मल्या आहेत.

चुलीसाठी बाजारात चौकशी करत होतो, तेवढ्यात घरी कामाला येणाऱ्या मावशींनी ते ऐकलं. त्या खानवेलकडच्या, वारली. "भाई, चुलीला पैसे?" एवढंच म्हणाल्या आणि पुढे बराच वेळ हसल्या. दुसऱ्या दिवशी चिकणमाती, भाताचं तूस आणि शेण कालवून त्यांनी चूल घातली. मागे वैलही काढला, म्हणजे पुढे भाकरी होईस्तोवर मागे डाळ उकळते. घालण्याआधी चिमूटभर राख हवेत सोडून वारा पाहिला आणि चुलीचं तोंड ठरवलं. ना लेझर, ना वास्तुशास्त्र. चूल सावलीत सावकाश वाळू दिली, नाहीतर तडकते. खर्च शून्य. दुकानदाराच्या दोन लाख ऐंशी हजारांत न बसलेली सगळ्यात कामाची वस्तू ती.

या भागात बाहेरचं स्वयंपाकघर ही काही नवलाई नाही. थंडीत वापी ते वलसाडच्या रस्त्यावर उंबाडियूची मडकी उपडी घालून जाळ पेटलेले दिसतात. पापडी, रताळी, कंद, बटाटे, हिरवं वाटण आणि सुगंधी पाला मडक्यात भरायचा, वरून जाळ करायचा. आपल्या रायगडातली पोपटी याच घराण्यातली : वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, हवी तर अंडी नि कोंबडी. दोन्हीकडे पाणी घालत नाहीत. म्हणजे ओटा नको, सिंक नको, नळ नको. एक मडकं, मूठभर पाला आणि जाळावर नजर ठेवणारा एक रिकामटेकडा माणूस. शेवटची वस्तू आमच्याकडे आधीपासून होती.

तो माणूस म्हणजे मी. आणि माझ्या अधिकाराचं नेमकं माप या प्रदेशाच्या इतिहासात आहे. 2 ऑगस्ट 1954 रोजी, ऐन पावसाळ्यात, सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर अशी मराठी मंडळी होती. पुढची सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. 1961 मध्ये भारतात विलीन व्हायची वेळ आली तेव्हा पंडित नेहरूंबरोबर करारावर सही करायला इकडूनही कोणी सरकारप्रमुख हवा होता. म्हणून 11 ऑगस्टला के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. त्यांनी सही केली, प्रदेश विलीन झाला.

बाहेरच्या स्वयंपाकघरात घरच्या पुरुषाची सत्ता तंतोतंत एवढीच असते. रविवारी सकाळी शपथविधी होतो. पंचा खांद्यावर येतो, फुंकणी हातात येते. मग "कांदे चिरून झाले का?", "हळद कुठे ठेवलीत?", "ताट आणा, करपतंय!" असे फतवे निघतात. अर्थ, पुरवठा, मसाला ही सगळी खाती मात्र आतल्या केंद्राकडेच असतात. पाहुणे जेवून तोंडभर कौतुक करतात ते पंतप्रधानांचं. संध्याकाळी काळ्या पडलेल्या पातेल्यांसकट सगळा प्रदेश मुख्य स्वयंपाकघरात विलीन होतो. बायकोने हे विलीनीकरण दोनदा सहन केलं. तिसऱ्या रविवारी तिने ते खोल सिंक दाखवलं आणि पत्र्याखाली एक दिवा लावून दिला. तेव्हापासून पातेली बाहेरच घासली जातात, आणि घासणारा कोण ते काका कुंपणावरून दर रविवारी पाहतात.

तेव्हा परसात स्वयंपाकघर काढणार असाल तर पैसा छपरात घाला आणि उतारात घाला. मांडणी भंगारातून आणा, शिक्का वाचून. चुलीला एक पैसा देऊ नका, ती येणाऱ्याजाणाऱ्याकडून शिकून घ्या. आणि सिंकला नळ जोडल्याशिवाय पहिला जाळ करू नका. ज्या बाहेरच्या स्वयंपाकघराची भांडी घासायला आत जातात, ते स्वस्त नसतं. त्याचे पैसे फक्त दुसऱ्या कोणाच्या खिशातून जात असतात.