बास्केटखालचा दादा

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये एकेकाळी संघागणिक एक नायक असे आणि एक दादा. नायक हवेत उडायचा, पब्लिक त्याच्या नावाने किंचाळायचं, बुटांच्या कंपन्या त्याच्या दारात उभ्या. दादाचं काम एवढंच, की नायक हवेतून खाली येईल तो स्वतःच्या दोन पायांवर यावा. तिकडे त्याला ‘एन्फोर्सर’ म्हणत. मराठीत त्याचं नेमणूकपत्र दोन शब्दांत मावतं: ‘बघून घेतो.’

ओळखायला हा प्राणी सोपा. ताडमाड देह, कपाट हलवावं तशी चाल आणि बाराही महिने बाहेर काढलेली कोपरं. एनबीएत खेळाडूला सामन्यात पाच फाउल माफ, सहाव्याला तो बाकावर जातो. बाकीचे आपले फाउल लेकीच्या लग्नाच्या सोन्यासारखे जपतात. दादाच्या लेखी ती दिवाळीची उचल. संपवायचीच असते.

घराण्याच्या जुन्या पुरुषांपैकी एक बॉस्टन सेल्टिक्सचा जिम लॉस्कुटॉफ. संघाबरोबर सात विजेतेपदं पाहिली. त्याचा १८ नंबर सन्मानाने निवृत्त करायची वेळ आली, तर म्हणे, नंबर राहू द्या, पुढच्या कुणाला तरी घालू द्या. म्हणून सेल्टिक्सच्या छताला आकड्यांच्या रांगेत ‘लॉस्की’ हे त्याचं टोपणनाव टांगलंय. हयातभर लोकांना ढकलणारा माणूस रांगेत मात्र दुसऱ्याला जागा देऊन मोकळा.

दादागिरीला मुहूर्त लागतो, हे पोर्टलंडच्या मॉरिस लुकासला उमगलं होतं. १९७७ ची अंतिम मालिका, दुसरा सामना. फिलाडेल्फियाचा डॅरिल डॉकिन्स, वय २०, उंची ६ फूट ११ इंच, पोर्टलंडच्या बॉब ग्रॉसवर मूठ उगारून धावला. ग्रॉस वाकला आणि ठोसा बसला डॉकिन्सच्याच संघातल्या डग कॉलिन्सला. तेवढ्यात लुकासने मागून येऊन डॉकिन्सला हाणलं. दोघांची मैदानाबाहेर रवानगी झाली. आपल्या बाजूने कुणी धावून आलं नाही या रागात डॉकिन्सने ड्रेसिंग रूममधल्या संडासाची मोडतोड केली. पण खरी मेख पुढच्या सामन्याला. खेळाडूंची ओळख करून देताना लुकास सरळ डॉकिन्सकडे चालत गेला. आता काय होणार म्हणून सगळ्यांचे श्वास अडकलेले, आणि याने हात पुढे केला, शेकहँडला! डॉकिन्सला हसावं की मारावं कळेना. ०-२ ने मागे पडलेल्या पोर्टलंडने पुढचे चारही सामने जिंकले. त्या संघाचा नायक बिल वॉल्टनने पुढे आपल्या मुलाचं नाव ल्यूक ठेवलं, या लुकासवरून. पोराला राखणदाराचं नाव देणारा नायक मला तरी दुसरा ठाऊक नाही.

चार्ल्स ओकली हा शिकागोत मायकेल जॉर्डनचा पाठीराखा. १९८८ मध्ये शिकागोने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं आणि जॉर्डन भडकला. घरच्या जुन्या माणसाला न विचारता काढल्यावर भडकावं तसा. या ओकलीला स्वयंपाकाची हौस. पंगतीत तो ‘अजून घ्या’ म्हणाला, तर नको म्हणायची छाती कुणाची?

या सगळ्यात हसू थांबतं ते ९ डिसेंबर १९७७ ला. सामन्यातल्या भांडणाकडे धावत येणाऱ्या रूडी टॉमजानोविचला विरोधी संघातल्या कर्मिट वॉशिंग्टनचा एकच ठोसा लागला आणि चेहऱ्याची हाडं फुटली, जीव जायची पाळी आली. वॉशिंग्टनवर ६० दिवसांची बंदी आली. पुढच्या हंगामात लीगने तिसरा रेफरीही नेमून पाहिला.

आता बिल लॅम्बीर. बाकीचे दादा पोटासाठी, हा हौसेसाठी. बाप बड्या कंपनीत साहेब. एनबीएत वडिलांपेक्षा कमी कमावणारा मी एकटाच, असं हा स्वतःच सांगायचा. ‘बॅड बॉईज’ म्हणवणाऱ्या डेट्रॉइट संघाचा हा मुकुटमणी. उडी मारणं त्याला फारसं मंजूर नव्हतं. कोपर मारणं होतं. आणि कुणाचं नुसतं बोट लागलं की स्वतः असा कोसळायचा, जणू इमारत पडली. शांत स्वभावाबद्दल प्रसिद्ध असलेल्या रॉबर्ट पॅरिशने १९८७ मध्ये त्याला भर सामन्यात बुकललं, तर रेफरीने फाउलसुद्धा दिला नाही. दोन डोळे रेफरीलाही असतात. ते केव्हा मिटायचे हेही त्याला कळतं. हा गडी सलग ६८५ सामने खेळला, दुखणं नाही की खुपणं नाही. ती साखळी तुटली तीही मारामारीबद्दल झालेल्या बंदीमुळे. १९९१ मध्ये याच्या नावाने एक व्हिडिओ गेम निघाला. त्यात लॅम्बीर लीगचा प्रमुख होतो आणि पहिलं काम काय करतो, तर सगळ्या रेफरींना घरी पाठवतो!

डेट्रॉइटचा नायक होता आयझाया थॉमस, लॅम्बीरपेक्षा जवळजवळ फूटभर बुटका. १९८९ आणि १९९० ची विजेतेपदं त्याने लॅम्बीरच्या सावलीत उभं राहून घेतली. नोव्हेंबर १९९३ मध्ये सरावात या दोघांचाच खटका उडाला आणि आयझायाने लॅम्बीरच्या डोक्यात ठोसा हाणला. मोडला तो आयझायाचा हात. काही दिवसांतच लॅम्बीर निवृत्त झाला.