अल्पमुदतीच्या प्रवाशांसाठी बार्बेक्यूविषयक सूचना

कंपनीच्या कामासाठी टेक्सासमधील ऑस्टिन शहरी दोन-तीन दिवस जाणाऱ्या, आणि त्यात एकदा तरी अस्सल बार्बेक्यू खायचाच असा निश्चय केलेल्या मराठी प्रवाशांच्या माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढील सूचना देण्यात येत आहेत. ज्यांचा मुक्काम महिनाभराचा आहे त्यांनी त्या वाचू नयेत. त्यांना चुका करायला वेळ आहे.

विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी वार पाहावा. सोमवारी बरीच नावाजलेली ठिकाणे बंद असतात, त्यामुळे सोमवार पाळणाऱ्यांचे व्रत आपोआप घडते. खरी परीक्षा शनिवारी. ऑस्टिनपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर लेक्सिंग्टन नावाचे छोटे गाव आहे. तिथले ‘स्नोज’ हे दुकान आठवड्यातून एकच दिवस उघडते, तो शनिवार, आणि तेही सकाळी आठला. ‘टेक्सास मंथली’ या मासिकाने 2008 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये राज्यातले पहिल्या क्रमांकाचे ठिकाण म्हणून त्याची निवड केली. तिथल्या भट्टीमुळे जगभर ओळखल्या गेलेल्या टूट्सी टोमानेट्झ या बाई 1935 सालच्या. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही त्या रात्री दोन वाजता निखारे ओढायला हजर असत. आता शनिवार मारुतीचा. याबाबतचा निर्णय प्रवाशाने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे शनिवारचीच संध्याकाळ असते. आईचा फोन आल्यास ‘आता रविवार लागला की’ ही सबब चालणार नाही.

आहाराबाबत आधीच स्पष्ट झालेले बरे. इथला मानकरी ब्रिस्केट, म्हणजे गाई-बैलाच्या छातीचे मांस. ते ज्यांना चालत नाही त्यांनी टर्की किंवा डुकराच्या बरगड्या मागाव्यात. टर्कीला उगाच कमी लेखतात, चांगल्या ठिकाणी ती उत्तम असते. सॉसेज म्हणजे डुक्करच असे गृहीत धरू नये, मध्य टेक्सासात त्यात बहुधा गोमांस जास्त असते. शाकाहारी प्रवाशाने उसळीसारख्या दिसणाऱ्या बीन्सवर विश्वास टाकू नये, त्यांच्यात ब्रिस्केटचे तुकडे असू शकतात. त्याच्या वाट्याला पांढरा ब्रेड, कच्चा कांदा, काकडीचे लोणचे आणि केळ्याचे पुडिंग येते. असा सहकारी सोबत असेल तर त्याला जरूर न्यावे, गाडी तोच जागेपणी परत आणू शकतो.

चांगले ठिकाण कोणते, हे स्थानिकांना विचारू नये. टॅक्सीवाला एक नाव सांगेल, हॉटेलातला माणूस दुसरे, आणि दोघेही तुम्ही आधीच ठरवलेल्या ठिकाणाबद्दल म्हणतील की ते आता पूर्वीसारखे राहिले नाही. कार्यालयातला सहकारी तर सांगेल की खरा बार्बेक्यू फक्त त्याच्या वडिलांच्या परसात मिळतो. त्याचे म्हणणे खरेही असेल, पण परसातल्या बार्बेक्यूचे निमंत्रण दुपारी दोनचे असते आणि जेवण रात्री आठला. त्यापेक्षा ‘टेक्सास मंथली’ची पन्नास ठिकाणांची यादी बरी. हे मासिक हा विषय इतका गांभीर्याने घेते की 2013 पासून त्यांच्याकडे बार्बेक्यूसाठी स्वतंत्र संपादक आहे, डॅनियल व्हॉन, आधीचे वास्तुविशारद. 2024 मध्ये मिशेलिननेही ऑस्टिनच्या तीन बार्बेक्यू दुकानांना एकेक तारा दिला. त्याने मांसात काय फरक पडला कोण जाणे, रांग मात्र वाढली असणार.

रांगेचा विषय निघालाच आहे. ‘फ्रँकलिन बार्बेक्यू’ 2009 मध्ये एका ट्रेलरमधून सुरू झाले आणि 2015 मध्ये ॲरन फ्रँकलिन यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. दुकान अकराला उघडते, लोक भल्या पहाटे घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. लालबागच्या राजाच्या रांगेत वाढलेल्या माणसाला यात काही नवे वाटू नये. उलट इथे बसायला मिळते. दुकानातला माणूस रांगेतून फिरत कोण किती घेणार ते विचारतो आणि माल कुठवर पुरेल याचा अंदाज सांगतो. त्या क्षणी मागच्या मंडळींचे चेहरे पाहू नयेत. व्हीआयपी दर्शनाची सोय नाही. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा थेट पुढे गेले, पण ज्यांच्या पुढे घुसले त्यांचे बिल त्यांनी भरले. आपल्या कंपनीच्या प्रवासभत्त्यात हे बसत नाही.

‘संपले म्हणजे संपले’ याचा राग आल्यास भट्टीची प्रक्रिया समजून घ्यावी. पाच-सहा किलोचा ब्रिस्केट, त्याला फक्त मीठ आणि मिरी. (आले-लसूण लावले असते तर, हे वाक्य मनातही आणू नये.) मग साधारण 120 ते 135 अंश सेल्सिअसच्या धुरात दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त. छातीचे मांस म्हणजे जनावराचे वजन आयुष्यभर पेलणारे स्नायू, कोलॅजनने गच्च भरलेले. ते चिवट कोलॅजन सावकाश विरघळून जिलेटिन होते, तेव्हा कुठे मांस मऊ पडते. निम्म्या वाटेवर ब्रिस्केट संप करतो. आतले तापमान सत्तर अंशांच्या आसपास येऊन अडते आणि तासन् तास हलत नाही, कारण पृष्ठभागावर येणारा ओलावा बाष्प होऊन उडतो आणि आगीने दिलेली उष्णता घेऊन जातो. आपल्याला घाम येऊन गार वाटते ते याच कारणाने. नवखा माणूस इथे आग वाढवतो आणि मांस वाळवतो. जाणता कागदात गुंडाळतो किंवा नुसता बसून राहतो. परसातले दोनचे जेवण आठला का होते, ते यावरून समजावे. आणि दुपारी दीडला संपलेला ब्रिस्केट अडीचला पुन्हा का होऊ शकत नाही, तेही. तो कालच चढवायला हवा होता.

दुकानाची पारख आत जाण्यापूर्वीच करावी. मागे पोस्ट ओकच्या लाकडाची थप्पी दिसली पाहिजे. ती शोभेची आहे की रोज कमी होते, हे तिच्याभोवती पडलेल्या ढलप्यांवरून कळते. धूर विरळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर म्हणजे आग कोंडली आहे आणि मांस कडू होणार. पाटीवर पास्ता दिसला की मागे फिरावे.

आत गेल्यावर कापणाऱ्याच्या हाताकडे पाहावे. काळाकुट्ट, कोळशासारखा गोळा तो कागदातून काढतो, सुरी टेकवतो आणि ती आपल्या वजनानेच उतरल्यासारखी वाटते. कडेला काळी पापडी, तिच्याखाली बोटाच्या पेराहून कमी रुंदीची गुलाबी रेघ, मग तपकिरी मांस, आणि कापताच लाकडी ठोकळ्यावर पसरणारी चरबी. तो विचारेल, मॉइस्ट की लीन? मॉइस्ट म्हणावे. कोलेस्टेरॉलचा विचार करायचा होता तर इथवर यायचे नव्हते. काप बोटावर लोंबता धरला तर वाकावा पण तुटू नये, आणि दोन्ही टोकांनी हलके ओढताच सुटावा. भाव पाउंडावर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमला, आणि ऑस्टिनात तो तीस डॉलरच्या वरच गेला आहे. रुपयांत रूपांतर रांगेत असतानाच उरकून घ्यावे, ताटासमोर करू नये.

दुसरा दिवस हाताशी असेल तर तासाभरावरचे लॉकहार्ट गाव गाठावे. 1999 मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवले. त्याच वर्षी गावातल्या सर्वांत जुन्या दुकानाची वाटणी झाली. वडिलांच्या मागे इमारत बहिणीकडे आली आणि धंदा व नाव भावाकडे. भावाने ‘क्राइट्स मार्केट’ हे 1900 पासूनचे नाव उचलले आणि जुन्या भट्टीतले धगधगते निखारे टबात घालून रस्त्याने ओढत नव्या जागी नेले. बहिणीने जुन्या इमारतीत वडिलांच्या टोपणनावाने ‘स्मिटीज’ सुरू केले. आपल्याकडे वाटणीत विहिरीचे पाणी अडवतात, तिथे विस्तवाची मिरवणूक निघाली. दोन्ही दुकाने आजही चालू आहेत. पाहुण्याने दोन्हीकडे खावे आणि कुठे जास्त आवडले हे गावात बोलू नये.

क्राइट्समध्ये कितीतरी दशके सॉस ठेवतच नसत आणि काटेही देत नसत. ही दुकाने मुळात जर्मन खाटकांची. न खपलेले मांस धुरावून कागदावर द्यायचे आणि गिऱ्हाइकाने हाताने खायचे, ही रीत तिथूनची, आणि हाताने जेवणाऱ्यांना ती सांगावी लागत नाही. बाकीच्या ठिकाणी सॉस मिळतो, पण तो न चाखता ओतणे हा उघड अविश्वास मानतात. पिशवीतली लसणीची चटणी बाहेर काढण्याबद्दल तर काही न बोललेलेच बरे.

जेवणानंतर दुपारी तीनची मीटिंग ठेवू नये. ठेवलीच तर कॅमेरा बंद असणारी ठेवावी. समोरासमोर असल्यास कोटाला येणारा धुराचा वास लपवण्याचा खटाटोप करू नये. स्थानिक मंडळी तो नाव-पत्त्यासह ओळखतात आणि चर्चा लगेच ‘पण तुम्ही तिकडे का गेलात’ या मुद्द्यावर येते.

इतके करूनही रांग, वार किंवा बॉस आड आल्यास विमानतळावर ‘सॉल्ट लिक’ची शाखा आहे. तिथे खाल्लेले मोजायचे की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. भुकेल्या माणसाने त्यात पडू नये. शहरातूनच बांधून आणले असेल तर अमेरिकेतल्या पुढच्या विमानापुरते हातसामानात ठेवण्यास हरकत नाही. सुरक्षा तपासणीत घट्ट बांधलेला ब्रिस्केट आत जातो, आणि शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी सॉसची बाटली काढून ठेवतात. क्राइट्सवाल्यांचे मत सरकारने एवढ्यापुरते तरी मान्य केलेले दिसते.